सातवीच्या इंग्रजीच्या तासाला अख्खी कादंबरी: चाळीस मिनिटांत नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला यंदा पहिल्यांदाच पूर्ण कादंबरी लावली आहे, लोइस लॉवरी यांची ‘नंबर द स्टार्स’. वर्गात ४२ मुलं, तास ४० मिनिटांचा. आजवर धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, अशीच सवय आहे. कादंबरीचा एक दिवस वर्गात कसा दिसतो, आणि गाडी कुठे अडते, हे विचारलं आहे.

पुस्तक चांगलं निवडलं आहे. कादंबरी १९८९ ची, तिला बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक १९९० मध्ये मिळालं. १७ प्रकरणं आहेत आणि शेवटी लेखिकेचं मनोगत. वाक्यं लहान, पात्रं मोजकी. १९४३ चं कोपनहेगन, दहा वर्षांची ॲनमरी योहान्सेन आणि तिची ज्यू मैत्रीण एलन रोझेन. सातवीतल्या मुलाला इंग्रजी अडलं तरी गोष्ट अडत नाही, आणि पहिल्या कादंबरीसाठी हेच महत्त्वाचं.

तासाला सगळ्यात आधी एक सवय लावा. मुलाने काहीही म्हटलं, बरोबर असो की चूक, की विचारायचं, ‘कुठल्या पानावर?’ वाचून दाखवण्याचं आणि अर्थ सांगण्याचं काम तुम्ही करत राहिलात, तर मुलं पुस्तक उघडं ठेवून तुमच्याकडे बघत बसतात. पान शोधायला लागली की ती वाचायला लागतात. तासाची सगळी रचना या एका गोष्टीसाठी करायची.

त्यासाठी सगळ्यांकडे एकच आवृत्ती लागते. हे किरकोळ वाटतं, पण पहिल्याच आठवड्यात इथे घोटाळा होतो. वेगळ्या आवृत्तीत पानांचे आकडे बदलतात, आणि ‘पान कुठलं’ यातच पाच मिनिटं जातात. पुस्तकं शाळेमार्फत एकत्र मागवा. अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका. ते कायद्यात बसेलच असं नाही, आणि सुटी पानं दोन दिवसांत हरवतात. निम्म्याच प्रती मिळाल्या तर दोघांत एक पुस्तक वर्गात चालतं, मात्र मग घरी वाचायला देता येत नाही आणि वेळापत्रक ताणावं लागतं.

वेळापत्रकाचा हिशेब असा. आठवड्यातले चार तास कादंबरीला आणि उरलेले व्याकरणाला दिले, तर सहा आठवड्यांत २४ तास मिळतात. पार्श्वभूमीला एक, मनोगताला एक, लेखनाला दोन आणि चाचणीला एक सोडला तरी १९ उरतात. सगळ्या प्रकरणांना सारखा वेळ द्यायचा नाही. सहावं आणि सातवं प्रकरण, म्हणजे किनाऱ्यावरच्या गिलेलाये गावाचा रेल्वे प्रवास आणि मामाच्या शेतावरचे पहिले तास, हे मिळून एका तासात होतं. पाचवं, नववं, दहावं आणि पंधरावं यांना पूर्ण तास हवा, पाचव्याला दोनसुद्धा. प्रत्येक प्रकरणाला एक तास अशी सरळ वाटणी केली की चांगली प्रकरणं घाईत उरकली जातात आणि साधी उगाच लांबतात.

पार्श्वभूमीला एकच तास द्या, त्याहून जास्त नको. सातवीच्या मुलांना दुसरं महायुद्ध शाळेत अजून भेटलेलं नसतं, म्हणून शिक्षकाला सगळंच सांगावंसं वाटतं, आणि कादंबरी सुरू होण्याआधीच मुलं दमतात. नकाशा लावा. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये ओरेसुंडची सामुद्रधुनी, हेलसिंगोरपाशी ती जेमतेम ४ किलोमीटर रुंद आहे. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतलं. ऑक्टोबर १९४३ च्या सुरुवातीला तिथल्या ज्यूंना पकडण्याची मोहीम निघाली, पण बातमी आधी फुटली आणि सात हजारांहून जास्त माणसं बोटींतून स्वीडनला पोचली. एवढं पुरे. हे शेवट आधीच फोडणं नाही. एलनचं काय होतं, हे मुलांना वाचल्याशिवाय कळणार नसतंच.

‘ज्यू म्हणजे कोण?’ हा प्रश्न हमखास येतो. इथे युरोपातून सुरुवात करू नका, कोकणातून करा. अलिबागच्या आसपासचे बेने इस्राएल, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची मातृभाषा मराठी. पुण्यातल्या मुलांनी लाल देऊळ बाहेरून तरी पाहिलेलं असतं. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं. सहा कोनांचा तारा तिथे दाखवता येतो. एलनच्या गळ्यातल्या साखळीत तोच तारा आहे, आणि पाचवं प्रकरण सगळं त्या साखळीवर उभं आहे.

दोन गैरसमज पहिल्याच तासात निस्तरायचे. पहिला स्वस्तिकाचा. मुलं युद्धाचे फोटो बघतात आणि गोंधळतात, कारण हे चिन्ह त्यांच्या दारावर आणि पूजेच्या पाटावर असतं. कुणी तरी हसतं, कुणी तरी दुखावतं. शांतपणे सांगा की चिन्ह हजारो वर्षांचं आहे, आपल्याकडे ते मंगल मानतात, नाझी पक्षाने १९२० मध्ये ते आपल्या झेंड्यावर घेतलं, आणि युरोपात ते पाहून आजही माणसांच्या अंगावर काटा येतो. दुसरा गैरसमज इंटरनेटवरून येतो. डेन्मार्कचा राजा दहावा ख्रिश्चन स्वतः पिवळा तारा, म्हणजे नाझी अमलात ज्यूंना कपड्यावर लावावी लागणारी खूण, लावून घोड्यावरून फिरला, असं मुलं वाचून येतात. तसं घडलं नाही. डेन्मार्कच्या ज्यूंवर तारा लावायची सक्तीच झाली नव्हती. राजा पहारा न घेता घोड्यावरून शहरात फिरायचा, हे मात्र खरं आणि कादंबरीतही आहे.

आता एक दिवस बघू. पाचवं प्रकरण घेऊ, कारण पहिल्यांदा शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त शिकवणारं प्रकरण तेच आहे. एलनचे आईवडील लपायला गेले आहेत, एलन योहान्सेनांच्या घरी मुक्कामाला आहे, आणि पहाटेआधी दारावर जर्मन अधिकारी येतात. एलनला योहान्सेनांची वारलेली मोठी मुलगी लीसे म्हणून पुढे करायचं ठरलेलं आहे.

पहिली पाच मिनिटं. मुलं आत येतात तेव्हा फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असतो, वहीत दोन ओळींत उत्तर लिहायचं. कालचं घरचं वाचन झालं की नाही, हे यातून कळतं. पण प्रश्न नीट निवडा. ‘एलन योहान्सेनांकडे का राहिली?’ याचं उत्तर इंटरनेटवरच्या सारांशातही मिळतं. ‘बूट पाहून कर्स्टी का रडली?’ याचं उत्तर चौथं प्रकरण वाचलेल्यालाच पटकन येतं. कर्स्टी ही ॲनमरीची धाकटी बहीण, चामड्याचा तुटवडा असल्याने तिला माशाच्या कातड्याचे बूट मिळतात. असं बारीक काही तरी विचारा. या पाच मिनिटांत हजेरी उरकते आणि बाकांमधून फिरून कोणाचं वाचन राहिलं ते दिसतं. वाचून न आलेल्यांना रागवत बसू नका. त्यांना शेजारच्याकडून दोन मिनिटांत गोष्ट ऐकू द्या, नाहीतर त्यांचा आजचा तासही जातो.

पुढची दहा-बारा मिनिटं वाचन. इथे जुनी पद्धत, एकेकाने उठून एकेक परिच्छेद वाचायचा, ती सोडा. आपला नंबर कितवा हे मोजून मुलं फक्त तेवढाच परिच्छेद आधीच वाचून ठेवतात, बाकीचं कानांवरून जातं. अडखळणाऱ्या मुलाची सगळ्यांसमोर शोभा होते. आणि दारावर धडका बसत असताना प्रत्येक परिच्छेदाला आवाज बदलला की प्रसंगातला ताण जातो. प्रकरणाची सुरुवात तुम्ही स्वतः वाचा. दोघी मुली अंथरुणात पडून लीसेबद्दल बोलतात, तो भाग हळू वाचायचा. दारावर धडका सुरू झाल्या की थांबा आणि सांगा, ‘इथून पुढे मनात वाचा, बाबा अल्बममधून फोटो फाडतात तिथे थांबा.’ थांबायची जागा आधीच आपल्या पुस्तकात पेन्सिलीने खुणेने ठरवून ठेवा.

ही जागा महत्त्वाची आहे. अधिकाऱ्याला संशय येतो: दोन मुली सोनेरी केसांच्या, ही एकच काळ्या केसांची कशी? बाबा जाऊन कुटुंबाच्या अल्बममधून तिन्ही मुलींचे लहानपणीचे फोटो फाडून आणतात. खरी लीसे तान्ही असताना तिचे केस काळे होते. फोटोवर तिचं नाव आहे. इथे वर्गाला पुस्तक पालथं घालायला सांगा आणि विचारा, ‘बाबांनी अल्बमच का नाही आणला? फोटो फाडले का?’

याचं उत्तर लेखिकेने थोडं पुढे दिलेलं आहे. अल्बममध्ये जन्मतारखा आहेत, आणि खरी लीसे २१ वर्षांपूर्वी जन्मलेली. पण पुस्तक बंद असताना मुलं स्वतः विचार करतात, आणि सगळ्या तासात हीच चार मिनिटं सोन्याची. ‘घाईत होते’, ‘रागावले होते’, ‘अल्बम जड असेल’, अशी उत्तरं येतील. एकही खोडू नका. मग पुस्तक उघडून पुढचं वाचू द्या. उत्तर सापडलं की वर्गात कुजबुज होते. ज्याचा अंदाज बरोबर निघाला त्याला लगेच विचारा, आधी कुठल्या ओळीवरून वाटलं? बहुतेक वेळा त्याला नेमकं सांगता येत नाही. तिथे मागे जाऊन शोधायला लावा.

याच पानांवर एक अडचण आहे, ती आधी माहीत हवी. अधिकारी आईकडे बघून हिणकस बोलतो: ही मुलगी दुसऱ्या बापाची का, दूधवाल्याची का? सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर खसखस पिकते. ओळ गाळू नका. गाळली तर मुलं तीच ओळ मधल्या सुट्टीत वाचतात. सपाट आवाजात सांगा की तो माणूस नवऱ्यासमोर बायकोचा अपमान करतो आहे, कारण त्याच्याकडे बंदूक आहे. मग बाबा काय म्हणतात ते वाचा. वर्ग गप्प होतो.

प्रकरणाच्या शेवटी आणखी एक जागा आहे. अधिकारी खोलीत यायच्या आधी ॲनमरीने एलनच्या गळ्यातली साखळी हिसडून तोडलेली असते, कारण तिची कडी निघत नव्हती. ते जाईपर्यंत तिची मूठ आवळलेली. शेवटी मूठ उघडते तेव्हा ताऱ्याचा ठसा तळव्यावर उमटलेला असतो. शेवटच्या वाक्यातला ‘इम्प्रिंटेड’ हा शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगू नका. प्रत्येकाला पेनाचं टोपण किंवा नाणं मुठीत घट्ट धरून वीस सेकंद ठेवायला सांगा, मग हात उघडायला. अर्थ कळतोच, वर ती मूठ किती वेळ आणि किती घट्ट धरली असेल, हेही कळतं.

शब्दांचं एकूणच असं करा. प्रकरणाला तीनच शब्द आधी सांगायचे, तेही ज्यांच्यावाचून वाचन अडेल ते. वीस शब्दांच्या याद्या आणि त्यांचे अर्थ वहीत उतरवणं यात एक तास संपतो आणि कादंबरीचं शब्दकोशात रूपांतर होतं. बाकीचे शब्द मुलं संदर्भावरून ओलांडतात. ओलांडू द्या.

मग चर्चा, साधारण दहा मिनिटं. आधी दोघांदोघांनी दोन मिनिटं बोलायचं, आणि या दोन मिनिटांत मराठी चालू द्या. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत याला विरोध होतो, पण मुलाचा विचार सातवीतला असतो आणि इंग्रजी पाचवीतलं. फक्त इंग्रजीत बोलायला लावलं की ते जेवढं इंग्रजी येतं तेवढाच विचार करतं: ‘पापा इज ब्रेव्ह’ आणि विषय संपला. विचार आधी मराठीत उभा राहिला की मग त्याला इंग्रजी कपडे घालता येतात. सगळ्या वर्गासमोर बोलताना मात्र इंग्रजीच. त्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात वाक्याचा सांगाडा कायमचा लिहून ठेवा: ‘आय थिंक..., बिकॉज ऑन पेज...’. महिनाभरात मुलं तो न बघता वापरतात.

चर्चेत प्रश्न एकच घ्या, पण दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा. या प्रकरणाला चांगला प्रश्न म्हणजे: ‘त्या रात्री सगळ्यात धाडसी कोण?’ बाबा, आई, ॲनमरी, की स्वतःचं नाव खोटं सांगणारी एलन? मतं पडली की पुन्हा ‘कुठल्या पानावर?’ ‘या प्रकरणातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याचं उत्तर मुलांना पहिलीपासून पाठ आहे, कुठल्याही गोष्टीला लागू पडतं, आणि त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

शेवटची सात-आठ मिनिटं लेखनाला. पाच वाक्यांचा एक परिच्छेद: एक वाक्य स्वतःचं म्हणणं, एक-दोन वाक्यं पुस्तकातला आधार पानाच्या आकड्यासह, आणि बाकीच्यात तो आधार आपलं म्हणणं कसं सिद्ध करतो ते. मुलं पहिल्या दोन गोष्टी पटकन शिकतात, तिसरी राहते. ओळ उतरवली की काम झालं असं त्यांना वाटतं. मुलगा लिहितो, ‘ॲनमरी धाडसी आहे. पान अमुकवर तिने साखळी तोडली.’ मग समासात फक्त ‘मग?’ एवढं लिहा. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्याचं तिसरं वाक्य. आणखी एक नेहमीची चूक काळाची. गोष्टीबद्दल लिहिताना वर्तमानकाळ वापरायचा, पण मुलं एका वाक्यात वर्तमान आणि दुसऱ्यात भूत अशी उड्या मारतात. आठवड्यातून एकदा कुणाचं नाव न घेता असा एक परिच्छेद फळ्यावर लिहून सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा. व्याकरणाचा तोच तास.

घंटेआधीच्या शेवटच्या मिनिटाला घरचं वाचन. ‘सहावं प्रकरण वाचून या’ एवढंच सांगू नका. एक नजर द्या: बाबा हेन्रिकमामाशी फोनवर बोलतात त्यातलं कोणतं वाक्य वरून दिसतं तसं नाही, ते शोधून या. सात-आठ पानांच्या प्रकरणाला बहुतेक मुलांना पंधरा-वीस मिनिटं लागतात, हळू वाचणाऱ्याला अर्धा तास. त्याहून जास्त दिलं तर वाचून येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरते.

वही तपासायचं गणित आधी करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात सगळं कोसळतं. ४२ वह्या रोज तपासणं शक्य नाही. रोज आठ-नऊ घ्या, म्हणजे आठवड्यात प्रत्येकाची वही एकदा हातात येते. प्रत्येक चूक दुरुस्त करू नका. एक गोष्ट चांगली, एक प्रश्न, सही. मुलांनी वहीचं डावं पान पुस्तकातल्या ओळींसाठी आणि उजवं स्वतःच्या विचारांसाठी ठेवावं. प्रकरणाला दोन नोंदी पुष्कळ झाल्या. दहा मागितल्या की मुलं शेजारच्याच्या उतरवतात.

पुढे वाचून येणारी मुलं हा प्रत्येक वर्गातला प्रश्न. चार-पाच जण पहिल्याच रविवारी पुस्तक संपवतात आणि मग शेवट सांगत सुटतात. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा काम द्या. लीसे अपघातात गेली, असं दुसऱ्या प्रकरणात सांगितलं आहे, आणि खरं काय ते शेवटच्या प्रकरणात कळतं. शेवट माहीत असलेल्यांनी मागे जाऊन, लेखिकेने त्याच्या खुणा कुठे कुठे पेरल्या आहेत, त्याची यादी करायची आणि शेवटच्या आठवड्यात वर्गाला दाखवायची. एकदाच वाचणाऱ्याला या खुणा दिसत नाहीत, त्यामुळे हे काम खरोखर अवघड आहे, आणि हुशार मुलं त्यात रमतात.

ज्यांना वाचायलाच जड जातं, त्यांना सोपी केलेली आवृत्ती देऊ नका. वर्गात चर्चा मूळ वाक्यांवर होणार, आणि नेमकी तीच त्यांच्याकडे नसतात. त्याऐवजी उद्याच्या प्रकरणातली दोन पानं आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर वाचून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिला हात त्यांचाच वर येतो. तुमच्या आवाजात प्रकरण ध्वनिमुद्रित करून घरी ऐकायला दिलं तर त्याचाही उपयोग होतो, मात्र ऐकताना बोट पानावर हवं.

तयार उत्तरांचं काय, हा आजचा मोठा प्रश्न. मोबाईलवर कुठल्याही प्रकरणाचा सारांश आणि कुठल्याही प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर मिळतं. म्हणून महत्त्वाचं लेखन घरी देऊच नका, वर्गातच करून घ्या. घरी फक्त वाचन आणि नोंदी. चाचणीही तशीच. २० गुणांची चाचणी असेल तर १२ गुणांना कादंबरीतलाच उतारा छापून द्या आणि त्यावर लिहायला सांगा, पाठांतराला त्यात वाव राहत नाही. पालक विचारतात, ‘परीक्षेला काय येणार, नोट्स कधी देणार?’ पहिल्याच पालकसभेत एक नमुना उतारा आणि त्यावरचं एक चांगलं उत्तर दाखवून टाका. तोंडी समजावण्यापेक्षा ते कागद बघून पालक लवकर निश्चिंत होतात.

पाचव्यानंतर सगळ्यात जास्त वेळ नवव्या प्रकरणाला द्या. आधी बिर्टे नावाच्या नात्यातल्या आजीच्या अंत्यविधीची तयारी चाललेली असते, आणि अशी आजी कधी नव्हतीच हे ॲनमरीच्या लक्षात येतं. सगळं माहीत नसलं की धाडस करणं सोपं जातं, असं मामा तिला सांगतो. मोठ्यांनी तिच्याशी खोटं बोलणं योग्य होतं का, यावर वर्ग दुभंगतो, आणि या वयाची मुलं त्यात फार मनापासून भांडतात. त्या दिवशी लेखन सोडून दिलं तरी चालेल. चौदाव्यात ॲनमरी जंगलातून पाकीट घेऊन धावताना लाल टोपडेवालीची गोष्ट स्वतःलाच सांगते. ही गोष्ट बहुतेक मुलांना माहीत असते, म्हणून ते प्रकरण त्यांच्याकडूनच उलगडून घ्या: टोपली कुठली, लांडगा कोण, आजीचं घर कुठलं.

शेवटचा तास मनोगताला हवाच. वेळ संपला म्हणून ते गाळलं जातं, आणि ‘हे खरं घडलं का?’ हा मुलांचा सगळ्यात मोठा प्रश्न तसाच राहतो. ॲनमरी आणि एलन काल्पनिक आहेत. पण बोटीत लपलेल्या माणसांचा जर्मनांच्या कुत्र्यांना वास येऊ नये म्हणून रुमालाला सशाचं वाळवलेलं रक्त आणि कोकेन लावायची युक्ती खरी होती, बोटींतून झालेली सुटका खरी होती. फळ्यावर दोन रकाने करा, खरं आणि रचलेलं, आणि मुलांना मनोगत वाचून भरू द्या. कोकेनबद्दल प्रश्न येतील. एका वाक्यात उत्तर द्या, त्याने कुत्र्यांची वास घ्यायची शक्ती काही काळ जायची, आणि पुढच्या नोंदीकडे वळा.

सिनेमा, चित्रं, नाट्यीकरण हे सगळं पुस्तक संपल्यावर. आधी दाखवलं की ॲनमरीचा चेहरा ठरून जातो, आणि पुढच्या पानांवर मुलं तोच चेहरा बघत राहतात.